पाण्याला आलेला मातीचा वास

आज नळाला गढूळ पाणी आलं आणि त्या वासानं मला संगमनेरला, चव्वेचाळीस सालच्या प्रवरेत नेऊन सोडलं.

पुण्याच्या लांब पल्ल्याच्या पोहण्याच्या शर्यतीला आम्हा दोघा मित्रांतला एकच जण जाणार होता. सदू माझ्याहून वेगवान. आम्हाला तयार करणारा म्हातारा नावाडी रोज बजावायचा, "ऊन आसलं तरी पान्याला मातीचा वास आला की भाईर पडायचं. वर पाऊस झालेला आसतो. लोंढा येतो."

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. भर पात्रात मला तो वास आला. सदू पुढं होता, मान पाण्यात घालून हात मारत. मी त्याला हाक मारली आणि काठाकडं वळलो. लोंढा आला तेव्हा पाण्यात तो एकटाच होता.

हाक मारली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. किती हळू मारली, ते कुणी विचारलं नाही.

पुण्याला मी गेलो.