भाचीवरची पाळत

माझी भाची आता नोकरी करते, औषधं वेळेवर घेते आणि माझ्याशी कडाडून वाद घालते. हे सगळं तिनं वाचलं आहे. छापायला हरकत नाही म्हणताना तिनं फक्त एक विशेषण काढायला लावलं. ते तिचं कौतुक करणारं होतं. कौतुकाचा तिला संशय येतो. आमच्या घरात संशय सगळ्यांनाच येतो, फक्त बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीचा.

शनिवार पेठेतल्या एका इमारतीत भाऊ, वहिनी आणि ती तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी एकटी दुसऱ्यावर. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, वहिनी शाळेत शिकवायची आणि भाऊ सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता. त्या वर्षांत पुण्यात दोनच प्रकारची माणसं होती: अमेरिकेला जाऊन आलेली आणि व्हिसाची वाट पाहणारी. भाऊ दोन्हींत मोडायचा. मुलगी अकरावीत होती. ती पुढे काय होणार हे ठरलेलं होतं, तिला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

दिवाळीच्या सुमारास ती एकाएकी फुलली. झोप जवळजवळ बंद, तरी चेहरा ताजातवाना. भिंतभर चित्रं काढली. जर्मन आणि गिटार, दोन्हींचे क्लास लावले. बोलायची इतकं भराभर की समोरच्याला हो म्हणायलाही फट मिळत नसे. भाऊ खूश होता. "एनर्जी बघ तिची, ताई! माझ्या टीममध्ये अशी चार माणसं पाहिजेत." ज्या शहरात रात्ररात्र ऑफिसात जागणाऱ्याला बढती मिळते, तिथे न झोपणारी मुलगी आजारी असेल असं कुणाच्या मनात येणार? मला संशय आला, पण तो जर्मनच्या क्लासमधल्या एखाद्या मुलाचा.

थंडी सरता सरता ते सगळं विझलं. क्लास सुटले, मैत्रिणींचे फोन ती घेईनाशी झाली, जेवण अर्धं टाकून उठू लागली. भावाच्या मते हा आळस होता, वहिनीच्या मते वय होतं.

आणि तेव्हाच ते हातमोजे आले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: पुण्यात तोंडाला ओढणी गुंडाळून, दंडापर्यंतचे पांढरे मोजे चढवून दुचाकीवर निघालेली मुलगी दरोडा घालायला नव्हे, क्लासला चाललेली असते. उन्हानं रंग जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. आमची मुलगी ते मोजे घरातही काढीना. दुसऱ्या कुठल्या गावात आईनं विचारलं असतं, हे काय? इथे वहिनी मला कौतुकानं म्हणाली, "रंगाची काळजी घ्यायला लागली एकदाची."

पंखा पूर्ण वेगात असतानाही मोजे! मला ते पटेना. गोंदवून घेतलं असणार, आणि नावही जर्मनच्या क्लासमधलं असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. एका दुपारी ती माझ्याकडे आली तेव्हा चहा टाकता टाकता मी विचारलंच.

"कुणाचं नाव आहे गं?"

"कसलं नाव?"

"मोज्याखालचं."

ती हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. "आत्या, तू पण ना… नाव असतं तर बरं झालं असतं." मग तिनं एक मोजा खाली सरकवला आणि लगेच वर ओढला. तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं. तिनं स्वतःलाच इजा केली होती, आणि एकदाच नव्हे.

गॅसवरचा चहा उतू गेला. इतकी पुस्तकं वाचलेल्या बाईच्या तोंडून निघालं ते एवढंच, "दुखतंय का?"

"ते नाही फारसं." ती ओट्याकडे बघत म्हणाली. "आत जे होतं ना, ते सहन होत नाही. हे केलं की थोडा वेळ गप्प बसतं. मग परत, आणि वर लाज. आईला सांगू नकोस."

"सांगणार."

"आत्या!"

"तुझ्यासमोर सांगेन. मागून नाही सांगणार."

ती रडली, पण उठून गेली नाही. संध्याकाळी आम्ही दोघी वर गेलो.

भावानं त्या रात्रीच जेवणाच्या टेबलावर मीटिंग घेतली. मूळ कारण शोधायचं म्हणाला. मग कारणांना तोटा राहिला नाही. मोबाईल, टीव्ही, मैत्रिणी, क्लास, वहिनीचं माहेर, शेवटी माझ्या घरातली पुस्तकं. ज्याच्याबद्दल चाललं होतं ते माणूस समोर बसून वरणभात चिवडत होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराची पोलीस चौकी झाली. भावानं तिच्या खोलीची कडी काढली. वहिनी रोज दप्तर आणि कपाट तपासायची. मुलगी बाथरूममध्ये जरा रेंगाळली की बाहेर दोघं पहाऱ्याला. तिचं बोलणं आणखी कमी झालं, आणि याचाही त्यांना संशय आला.

डॉक्टरकडे नेऊ म्हटलं, तर भाऊ दचकला. "वेडबिड नाही लागलेलं तिला." त्याऐवजी त्यानं स्वारगेटजवळच्या एका हॉलमधल्या मनःशक्तीच्या शिबिराचे पास आणले. आम्ही चौघंही गेलो. गालापाशी माइक लावलेले एक गृहस्थ तीन तास न थांबता बोलले. त्यांना झोपेची गरज भासत नव्हती, अशक्य हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता आणि जग बदलायचे त्यांचे बेत तयार होते. नैराश्य म्हणजे वेळेचं चुकीचं नियोजन, असंही ते म्हणाले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. भावानेही.

बाहेर पडल्यावर मुलगी माझ्या कानाशी आली. "आत्या, त्या माणसाला कुणीतरी डॉक्टरकडे न्या."

"का गं?"

"मी दिवाळीत अगदी अशी होते. सेम. तेव्हा मला पण वाटायचं, मला सगळं येतं. मग एक दिवस पडतं माणूस. धाडकन."

ते गृहस्थ खरोखर आजारी होते की नुसतेच यशस्वी, मला ठाऊक नाही. पण दिवाळीतली मुलगी आणि आताची मुलगी एका धाग्यात ओवलेल्या मी प्रथमच पाहिल्या. भावाला मी रस्त्यातच सांगितलं, "तीन तास याचं ऐकलंस, आता अर्धा तास डॉक्टरांचं ऐक."

मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या, सुती साडीतल्या बाई. भिंतीवर एकही प्रमाणपत्र नव्हतं. आधी मला त्याचाच संशय आला. त्यांनी मुलीशी एकांतात बोलून घेतलं, मग तिला विचारून आम्हाला आत बोलावलं. आमच्यादेखत शांतपणे तिला म्हणाल्या, "मघाशी विचारलं तेच यांच्यासमोर विचारू? मरून जावं असं वाटतं कधी?"

भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. "अहो डॉक्टर, असं विचारलं तर डोक्यात येईल ना तिच्या!"

"विचारल्यानं येत नाही. आलेलं असलं तर बोलायला वाट मिळते."

मुलगी म्हणाली, "कधीकधी येतं." वहिनीनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. हा मनःस्थितीचा आजार आहे. त्यात चढ असतो आणि उतार असतो, आणि चढाचं लोक कौतुक करतात म्हणून तो ओळखू येत नाही. औषध लागेल, बोलणं लागेल, वेळ लागेल. इजा करून घेणं हे नाटक नाही आणि हट्टही नाही. आत जे सहन होत नाही ते थोपवायचा तिला तेवढाच मार्ग सापडला आहे, दुसरे आपण शोधू. धोक्याच्या वस्तू आणि घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा, पण तिला सांगून. "आणि दप्तरं तपासू नका. तुम्ही शोधणार, ती लपवणार. लपवण्यात ती तुमच्यापेक्षा हुशार आहे."

कडी पुन्हा बसली नाही, पण दार लोटलेलं राहू लागलं आणि आत जायच्या आधी टकटक होऊ लागली. औषधं माझ्याकडे आली. खोक्यातला बारीक टाइपातला कागद मी शेवटपर्यंत वाचला आणि प्रत्येक ओळीचा वेगळा संशय घेतला. हळूहळू तिची झोप सुधारली, जेवण सुधारलं. मोजे फक्त दुचाकीवर दिसू लागले.

आता आम्ही सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. पण संशयाला सवय लागली की तो निवृत्त होत नाही. एका रविवारी वहिनीचा वरून फोन आला. आवाज दबलेला. "ताई, ती गातेय."

"मग?"

"मोठ्यानं गातेय. पुन्हा चढ तर नसेल?"

"कशी गातेय?"

"बरी गातेय हो, तेच तर!"

फोनमध्ये गाणं थांबलेलं मला ऐकू आलं. दोन मिनिटांत मुलगी माझ्या दारात. "रडले तरी डॉक्टर, हसले तरी डॉक्टर! मी साधी वैतागू कधी? आत्या, हे असंच चाललं ना, तर मी परत लपवायला लागेन. खरंच सांगते."

ही धमकी नव्हती. पुढच्या भेटीत ती स्वतःच हे डॉक्टरांना म्हणाली, आणि तिथे तिनंच सांगितलं की बिघडायला लागतं तेव्हा आधी झोप जाते, मग मैत्रिणींचा कंटाळा येतो. गाण्याचा यात काही संबंध नाही. तसं झालं तर ती आपणहून बोलेल. "आणि नाही बोलली तर?" भावानं विचारलं. "तर तुम्ही विचारा," डॉक्टर म्हणाल्या, "झडती घेऊ नका." भावाचा विश्वास बसला नाही. खरं तर माझाही.

बारावीच्या निकालानंतर एका सकाळी मी कामावर निघाले होते. कुलूप हातात. ती जिना उतरून आली. केस विंचरलेले नव्हते.

"आत्या, आज मला एकटीला ठेवू नकोस."

मी कुलूप खाली ठेवलं. "मरावंसं वाटतंय?"

"हो. काही केलं नाहीये. पण वाटतंय."

"बरं केलंस आलीस. बस."

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच यायला सांगितलं. वहिनीला शाळेतून बोलावलं, भावाच्या ऑफिसात निरोप ठेवला. पहिले दोन रिक्षावाले "तिकडे नाही जाणार" म्हणाले. तिसऱ्यानं काही न बोलता मीटर पाडला. रिक्षात मी तिचा हात धरला होता आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात भाऊ आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. चालू मीटिंग सोडून तो आला होता. त्याच्या नोकरीत हे प्रथमच घडत होतं. मला वाटलं, आता विचारणार, का, कशामुळे, कुणामुळे. तो तिच्याशेजारी बसला. दोनदा घसा खाकरला.

"तुला… तसं वाटतंय का? मरावंसं?"

"आत्याला सांगितलंय मी."

"मला पण सांग."

तिनं त्याच्याकडे जरा संशयानंच पाहिलं. मग सांगायला लागली. त्यानं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. खिशातला मोबाईल वाजला तेव्हा त्यानं तो न बघताच बंद केला.