मागं राहिलेलं पिल्लू

वहिनींचं पोस्टकार्ड बेंबळीच्या शाळेच्या पत्त्यावर आलं. दोनच ओळी होत्या. 'हे पंधरा दिवसांमागं पहाटे गेले. माशांचं काय करायचं ते कळवा.' मी वर्गात शुद्धलेखन सांगत होतो. पुढचं वाक्य काही केल्या सुचेना... मुलं टाक धरून बसून राहिली.

वहिनींचे यजमान रंगनाथराव उस्मानाबादला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, पण माझी बदली होईपर्यंत आम्ही सात वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. उंच, जरा वाकलेले, कमी बोलणारे. शिक्षण हैदराबादला झालेलं, त्यामुळं बोलता बोलता थांबले की 'खैर' म्हणायचे नि विषय तिथंच सोडायचे. त्यांचा मुलगा माधव मुंबईला कारकून. एका दिवाळीला त्यानं झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीतून चार मासे आणले. कुर्डूवाडीहून छोट्या गाडीनं येडशी, तिथून बस, आणि बरणी सबंध वाट मांडीवर. करंगळीएवढे ते मासे सिक्लिड नावाच्या परदेशी जातीतले होते, त्यातलेही बुटके. वडिलांना करमणूक व्हावी एवढाच माधवचा विचार होता.

रंगनाथरावांनी लोहाराकडून लोखंडी चौकट करून घेतली, तिला काचा बसवल्या, तळाला शहाबादी फरशी घातली. थंडीत त्या फरशीखाली रॉकेलची चिमणी लावून ठेवायचे. आमच्या विहिरीचं पाणी त्या माशांना सोसत नसे, म्हणून पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी रांजणात धरून ठेवलेलं. टाकीत एक करवंटी उपडी घातलेली, कडेला खाच पाडलेली. मादीनं आत शिरून करवंटीच्या छताला अंडी चिकटवली, तेव्हा तिचा रंग हळदीसारखा पिवळा झाला. नर तिच्या दुप्पट, पण ती त्याला जवळ फिरकू देईना. शेवटी रंगनाथरावांनी त्याला निराळ्या बरणीत हलवलं. पिलं पोहायला लागली की त्यांना उकडलेल्या अंड्याचं पिवळं फडक्यातून गाळून द्यावं लागे. घरात अंडं चालत नसे, म्हणून ते प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर उकडायचे नि कोटाच्या खिशातून आणायचे. वहिनींना ते ठाऊक होतं. त्या अडवायच्या नाहीत. टाकीकडं मात्र त्या कधी बघायच्याही नाहीत.

दिवस कलायला लागला की मादी पिलं गोळा करायची. अंगाला एक झटका द्यायची आणि सगळी पिलं तिच्याखाली येऊन दाटायची. एखादं लांब राहिलंच, तर ती जाऊन त्याला तोंडात धरायची नि घोळक्यात आणून सोडायची. शाळा सुटल्यावर रंगनाथराव रोज स्टुलावर बसून हे बघायचे. मी कधी बोललो, तर हातानंच थांबवायचे. त्यांच्या कपाळावर घाम आलेला असायचा... मला वाटे, माणूस नादिष्ट आहे.

एका संध्याकाळी एक पिल्लू काचेच्या कोपऱ्यात मागं राहिलं. मादी बाकीच्यांना घेऊन करवंटीत गेली. आम्ही वाट पाहिली. ती आली नाही. "जाईल ती. जायलाच पाहिजे," असं रंगनाथराव दोनदा पुटपुटले. मग उठले आणि लांब दांडीच्या चमच्यानं ते पिल्लू करवंटीकडं ढकलू लागले. चमचा करवंटीला लागला. मादी बिथरली, पिलांसकट बाहेर आली. आमच्या डोळ्यांदेखत तिनं आपली पिलं एकेक करून गिळली. पहिल्यानंच पिलं वाढवणारी मादी घाबरली की असं करते, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलेलं होतं.

चमचा हातात तसाच धरून ते बोलले. "कमल माझी. चार वर्षांची होती."

त्यांना मुलगी होती हे मला ठाऊकच नव्हतं.

रझाकारांच्या धामधुमीत परंड्याकडचं त्यांचं गाव एका दुपारी उठलं. दोन बैलगाड्या करून ही मंडळी बार्शीकडं निघाली. पुढच्या गाडीत वहिनी आणि तापानं फणफणलेला माधव, मागच्या गाडीत रंगनाथराव. त्यांना वाटलं कमल पुढं आहे, वहिनींना वाटलं मागं आहे. निर्वासितांच्या छावणीत पोचल्यावर कळलं, ती दोन्ही गाड्यांत नव्हती. "मी लगेच परत फिरायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "फिरलो न्हाय. दुसऱ्या दिवशी गेलो. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं... खैर."

पोलीस ॲक्शननंतर त्यांनी गावोगाव शोध केला. पुढं दर चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेला जात राहिले. पहिल्या वर्षी पाच वर्षांच्या मुलींचे चेहरे बघितले, मग सहा, मग सात. माझी बदली झाली त्या वर्षी ते गर्दीत एकोणीस वर्षांच्या, कडेवर लेकरू असलेल्या बायकांकडं बघत उभे होते. मी सोबत होतो. एकीच्या नवऱ्यानं त्यांना दरडावलं. त्यांनी हात जोडले नि बाजूला झाले.

पोस्टकार्ड आलं त्या आठवड्याच्या रविवारी मी उस्मानाबादला गेलो. माधव दिवस उरकून मुंबईला परतला होता. टाकी जागेवर होती, पाणी स्वच्छ होतं. नवी पिलं होती. वहिनी टाकीसमोर पाटावर बसल्या होत्या. मासे मी घेऊन जाऊ का, असं विचारलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"तुम्हाला त्यांनी कमलचं सांगितलं होतं ना?"

"व्हय, वहिनी."

"काय सांगितलं?"

मी होतं तसं सांगितलं. ते लगेच फिरले नाहीत, हेही.

वहिनी पाण्याकडं बघत होत्या. "ते निघाले होते," त्या म्हणाल्या. "मीच पाय धरले. माधव हातचा जाईल अन् तुम्हीबी, म्हणलं. जाऊ दिलं न्हाय म्या त्यांना. हे न्हाय सांगितलं त्यांनी?"

"न्हाय."

"कुणालाच न्हाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा कधी बोलून दाखवलं न्हाय."

मी खाली बघितलं. जमीन नुकतीच शेणानं सारवलेली होती, ओली होती. फक्त टाकीसमोर हातभर जागा कोरडी सोडलेली होती. तिथं रंगनाथरावांच्या स्टुलाच्या पायांनी पडलेले चार खळगे तसेच होते, आणि वहिनींनी आपला पाट त्यांच्या अलीकडं, जरा बाजूला मांडलेला होता.