मामांचं बोट

माझ्या मामांइतका विषम आकड्यांना जीव लावणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. शारजाजवळच्या हमरियातल्या बिस्किटांच्या कारखान्यात ते फोरमन होते आणि मला तिथे खरेदीच्या कामाला त्यांनीच चिकटवलं. यंत्राची चेन ज्या दातेरी चाकावर फिरते, त्या स्प्रॉकेटला दाते विषम हवेत, म्हणजे तीच कडी दर फेरीला त्याच दात्याला भेटत नाही आणि दोघं सारखे झिजतात, हे ज्ञान ते चहाच्या टपरीवरच्या पठाणालाही देत. शारजातल्या आमच्या खोलीत आम्ही सहाजण. सातवा राहायला आला तर मामांनी त्याला दारातच अडवलं. "सात विषम खरे, पण वारही सातच. दर शुक्रवारी तूच भांडी घासणार, जन्मभर. चालेल?" तो म्हणाला, "चालेल की. शुक्रवारी मी दुबईत, करामाला चुलतभावाकडे असतो." मामांनी आठवा माणूस शोधून आणला, तेव्हाच सातव्याला आत घेतलं. बाथरूम एकच होतं. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. खोलीतला एकजण लग्नासाठी गावी निघाला, तर त्याला म्हणाले, "आधी तू बदल. नाहीतर चार महिन्यांत तिला खाऊन टाकशील."

चाक हातात आलं की मामा डोळे मिटून तर्जनी फिरवत आणि दाते सांगत. कधी चुकले नाहीत. आणि इथेच मला आजवर घरातही न सांगितलेली गोष्ट सांगायची आहे. एकदा भट्टीच्या पट्ट्याचं, मोटरवरचं स्प्रॉकेट तुटलं. मॅनेजर "यल्ला, यल्ला" करत मागे लागलेला. एकोणीस दात्यांचं बाजारात मिळेना, मी अठराचं उचललं. एका दात्यानं काय होतंय! मामांनी बोट फिरवलं. "अठरा आहेत रे."

"एकोणीस आहेत, मामा. तुमचा एक सुटला." मी त्यांचं बोट धरून मोठ्यानं मोजलं आणि पहिलाच दाता शेवटी पुन्हा मोजला. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि चाक बसवलं. एक दाता कमी, म्हणून पट्टा हळू चालला, बिस्किटं जरा जास्त भाजली, आणि मॅनेजर म्हणाला, "हबीबी, कलर फर्स्ट क्लास."

कारखान्याचं काहीच बिघडलं नाही. मामांचं बिघडलं. ते खडूची खूण करून मोजू लागले, मग दोन-दोनदा, मग चाक दुसऱ्याच्या हातात देऊ लागले. "तू मोज बाबा, माझं खलास झालं." मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर तिथे त्यांनी बोट पुढे केलं. डॉक्टर म्हणाला, "अंकल, आँख दिखाओ." मी हसलो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

सांगितलं ते सहा-सात वर्षांनी, मामा कायमचे गावी निघाले तेव्हा विमानतळावर. 

"म्हणजे अठराच होते?"

"हो, मामा."

"मी अठराच म्हणालो होतो ना?"

"हो."

"मग बोट बरोबर होतं की रे."

शिव्या खायच्या तयारीनं मी खाली बघत उभा होतो. मामा एवढे खूश दिसले की मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. तसेच हसत ते रांगेत पुढे सरकले. गावी दाते मोजायला त्यांना आता फार तर एखादी सायकल मिळणार होती.