मास्तरीणबाईंची दुसरी तपासणी

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरीणबाई दिवसभर शिकाऊ लोकांना सांगत, "खांदे सैल सोडा, स्टिअरिंग काही पळून जात नाही." गर्भनलिकांच्या तपासणीला मात्र त्या स्वतःच लाकडासारख्या ताठ झाल्या. आत सोडलेलं औषध पुढे सरकेना. दोन्ही नळ्या बंद दिसल्या.

"कधीकधी नळ्या नुसत्या आवळलेल्या असतात. पुन्हा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मूल आपलं आपण राहील ही आशा आता या दुसऱ्या तपासणीवर होती.

या वेळी सोनोग्राफीच्या खोलीत सासूबाई हात धरून उभ्या होत्या. सुनेची सगळ्यात अवघड विद्यार्थिनी म्हणजे त्याच. सून पुन्हा ताठ झालेली बघून त्यांनी तिचाच आवाज काढला.

"अहो ताई, श्वास घ्या. तो खांब आहे, तो बाजूला होणार नाही. आपणच व्हायचंय."

"आई, गप्प बसा ना, हसू येतंय."

"हस की. मी खांबाला धडकले तेव्हा बरी नाही हसलीस."

"घरी जाऊन हसले, पोट धरून."

आता डॉक्टरीणबाईंनाही हात स्थिर ठेवणं जड जाऊ लागलं. तेवढ्यात त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "उजवी उघडली. डावी मात्र खरंच बंद दिसते."

"एकीवर राहतं का मूल?" सासूबाईंनी विचारलं.

"राहू शकतं."

खात्री कसलीच नव्हती. तरी दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळत जिना उतरल्या. दारावरच्या रखवालदाराने कौतुकाने विचारलं, "काय झालं, मुलगा की मुलगी?"

"उजवी," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी तिथेच पायरीवर बसून हसत सुटल्या.