तिसऱ्या मजल्यावरचा जंपर

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि चर्चच्या मंडळीत सगळे त्याला मानानं ‘वडील’ म्हणत. रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवायचं काम त्याचंच. माणूस इतका सरळ की पाळकसुद्धा त्याच्यापुढे जपून बोलत. अशा माणसानं काय करून ठेवलं, ते ऐका.

लिफ्टचं दार उघडं असेल तर ती जागची हलत नाही. दाराला तसा स्विचच असतो. तपासणीच्या वेळी मात्र दार उघडं ठेवून चालवावी लागते, म्हणून मेकॅनिक त्या स्विचवर वीतभर तार लावतात. तिला जंपर म्हणतात. काम झालं की तार काढायची आणि खिशात टाकायची. हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि हा पठ्ठ्या तीस वर्षांनी विसरला! दुसऱ्या दिवशी इमारतीचा वॉचमन तिसऱ्या मजल्यावर एक पाय आत टाकत होता, आणि लिफ्ट दार उघडं ठेवूनच वर निघाली. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला.

कामावर दोघंच होते, हा आणि याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, “तार कोणी लावली?”

“मी वर मशीनच्या खोलीत होतो,” हा म्हणाला.

बस, एवढंच खोटं. तोंडातून कसं निघालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. मेहुणा बिचारा विसरभोळा, छत्री, डबा, चष्मा, रोज काहीतरी मागे ठेवून येणारा. तो डोकं खाजवत म्हणाला, “मग मीच लावली असेल.” त्याची नोकरी गेली. बहीण एका दवाखान्यात फरशी पुसायला जाऊ लागली.

सहा महिने हा देवापुढे रडला. उपास केले, गुडघे सोलून घेतले. अरे बाबा, देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, त्याला सांगायला कसली हिंमत लागते? साहेबांच्या केबिनपर्यंत तीनदा गेला आणि तिन्ही वेळा रजेचा अर्ज देऊन परत आला. दर रविवारी मेहुण्यापुढे ताट धरायचा. मेहुणा मान खाली घालून “नको, माझी लायकी नाही,” म्हणायचा. हा स्वतः मात्र तुकडा तोंडात टाकायचा, कारण वडिलांनीच घेतला नाही तर लोक काय म्हणतील? आपण नरकात जाणार अशी भीती त्याला आता उरलीच नव्हती. आपण तिथं कधीच पोचलोय, असं त्याला वाटायचं.

एका रविवारी मेहुणा बाकावरून उठला.

“मला कबूल करायचंय. आठवत नाही म्हणून मी लपत होतो. वॉचमनचा पाय माझ्यामुळेच गेला. दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला क्षमा करा.”

यानं हातातलं ताट खाली ठेवलं. “तार मी लावली होती,” तो म्हणाला. कोणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून ओरडला, “मी लावली! याचा काही संबंध नाही!”

पाळकांनी डोळे पुसले. “बघा, याला म्हणतात प्रीती. दुसऱ्याचं पाप आपल्या खांद्यावर घेतलं!”

“आमेन,” मागून कोणीतरी म्हणालं, मग सगळेच म्हणाले. मेहुण्यानं येऊन त्याला घट्ट मिठी मारली. “दादा, माझ्यासाठी खोटं नका बोलू.”

“अहो, कसली प्रीती! खोटं तेव्हा साहेबांपुढे बोललो!” पण कोण ऐकतंय? सहा महिने अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं, तर त्याचीही स्तुतीच झाली. आता काय डोकं आपटून घ्यायचं?

तेवढ्यात बहीण उठली. नवऱ्याला म्हणाली, “तार कुठं लावली होती तुम्ही?”

“कुठं म्हणजे... ते कसं आठवणार?”

“वरच्या दोन स्क्रूंना,” भाऊच बोलला. “खालचा झिजलाय.”

ती भावाकडे वळली. ओरडली नाही, रडलीही नाही.

“दर बुधवारी घरी येऊन यांच्या डोक्यावर हात ठेवून देवाकडे क्षमा मागायचास ना रे, दादा? ती कोणासाठी मागत होतास?”

मेहुण्याचे हात दादाच्या पाठीवरून हळूहळू खाली आले.