पाठीवरची माती

आमच्याकडे लग्नासाठी मुलगा दाखवायचा तर तो काय करतो हे आधी सांगावं लागतं, आणि माझं घोडं नेहमी तिथेच अडायचं. आई सांगायची, "तो जळगावले खेळस." काय खेळतो, असं पाहुणे विचारायचे. आईने माझी एकच लढत पाहिली होती, तीही शेजारच्यांच्या मोबाइलवर, पदर तोंडाला लावून आणि अर्धीच. ती जरा विचार करून म्हणायची, "कुस्तीसारखंच शे काहीतरी." तेवढ्यात ओट्यावरून आबांचा आवाज यायचा, "कुस्तीसारखं नही शे." मग पाहुणे चहा पिऊन निघायचे.

आबा म्हणजे माझे वडील. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे पहिलवानच म्हणतात, गुडघे गेले तरी. यात्रेला आमच्याकडे कुस्त्यांची दंगल भरते आणि मला कळतं तेव्हापासून तिचे पंच आबाच आहेत. त्यांचा एक नियम मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही. समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हे सगळीकडेच. पण आमच्या गावात जिंकणाऱ्याने हरलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीवरची माती स्वतःच्या हाताने झटकायची. ती झटकली गेली की मगच आबा जिंकणाऱ्याचं मनगट धरून हात वर करणार. एका वर्षी बाहेरगावचा एक मोठा पहिलवान माती न झटकताच मैदानाला फेरी मारायला निघाला. आबांनी त्याला अर्ध्या फेरीतून माघारी बोलावलं. तो आला, मुकाट्याने माती झटकली, आणि तेव्हा कुठे हलगी पुन्हा वाजली.

मी त्याच मातीत वाढलो. लहान गटात बऱ्याच कुस्त्या मारल्या, पण आबांनी माझा हात वर केल्याचं मला आठवत नाही. घरचा पोरगा असला की पंचाने बाजूला व्हायचं, हाही त्यांचाच नियम. माझ्या कुस्तीच्या वेळी ते खुर्ची उचलून लांब लिंबाखाली जाऊन बसत आणि दुसरा कोणी तरी माझा हात वर करी. लोक म्हणत, पहिलवान फार न्यायी. न्यायी माणसाच्या घरात जन्माला येऊन बघा म्हणावं.

पुढे मी जळगावला कामासाठी गेलो आणि टायरच्या दुकानाच्या वरच्या एका जिममध्ये सापडलो. तिथले सर पुण्याहून मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकून आले होते. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र, जाळीच्या पिंजऱ्यात. मला पाहून सरांना आनंद झाला, कारण त्यांच्याकडे ठोसे मारणारे पुष्कळ होते पण माणूस उचलून आपटणारा कोणी नव्हता. तो आनंद आठवडाभर टिकला. मी माणूस छान आपटायचो आणि आपटला की सोडून द्यायचो. एवढंच नाही, तर त्याला हात देऊन उठवायचो.

सर डोकं धरून बसायचे. "अरे भाऊ, तो खाली पडला म्हणजे आता खरं काम सुरू झालं. तू दुकान बंद करून निघालास कुठे?" माझी ही सवय मोडायला त्यांना जेवढे कष्ट पडले, तेवढे बाकीचं सगळं शिकवायला पडले नसतील. पडलेल्या माणसाच्या छातीवर बसायचं, त्याच्या तोंडावर मारायचं, आणि रेफरी ओढून काढेपर्यंत थांबायचं नाही. सुरुवातीला मी ठोसा मारताना तोंडातल्या तोंडात 'सॉरी' म्हणायचो. हळूहळू तेही गेलं. माणूस सुधारतो.

सुधारलो आणि जिंकू लागलो. पुणे, इंदूर, एकदा गोवा. रेफरी आम्हा दोघांचे हात धरून मध्ये उभा राहायचा आणि माझा वर करायचा, तेव्हा दर वेळी मला एकच वाटायचं: हे आबांनी बघायला पाहिजे. व्हिडिओ पाठवले, त्यांनी उघडले नाहीत. घरी गेलो की ते भाकरीचा तुकडा मोडत विचारायचे, "पडेल माणूसले मारतस ना अजून?" मी म्हणायचो, त्यात तसंच असतं आबा. ते म्हणायचे, "मंग त्याले खेळ काबरं म्हणतस?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, सरांनी दिलेलं, बरंच लांबलचक. पण समोर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर असायची, आणि वजन उतरवायचं म्हणून मी तिला हात लावत नसायचो. त्यामुळे आबांच्या दृष्टीने माझी बाजू तशीही लंगडीच होती. जो धंदा भाकरी खाऊ देत नाही, तो कसला धंदा?

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा माझी लढत धुळ्यात ठरली.

ही साधी लढत नव्हती. मुंबईची एक कंपनी परदेशातल्या सामन्यांसाठी माणसं निवडत होती आणि त्यांचा माणूस बघायला येणार होता. मी तिशी ओलांडलेला, खांदा एकदा उतरलेला. सरांनी स्पष्टच सांगितलं, "जिंकलास तर बाहेर जाशील. हरलास तर उद्यापासून इथे पोरांना दोरीवरच्या उड्या शिकव."

आयोजक धुळ्यातले एक पुढारी होते. वाढदिवस त्यांचा, पिंजरा त्यांचा, लॉनसुद्धा त्यांच्या मेहुण्याचं. गर्दी व्हावी म्हणून त्यांनी लढतींच्या आधी पंचक्रोशीतल्या जुन्या पहिलवानांचा सत्कार ठेवला. निमंत्रण आमच्या घरी आलं. मी आबांना आग्रह करायची तयारी करून फोन केला, तर आबा म्हणाले, "मी येसू. मना सत्कार शे." माझी लढत आहे हे त्यांना माहीत होतं. मला तेवढंही पुरलं. आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली ते येणार होते, मग शालीसाठी का होईना.

लॉन लग्नाचं होतं, ते लपवायचा प्रयत्न कोणी केला नव्हता. कमानीवर आदल्या दिवशीच्या वधूवरांची नावं तशीच होती. स्टेजवरच्या सोनेरी खुर्च्यांत पुढारी आणि मुंबईचा माणूस नवरानवरीसारखे बसले होते. मला तयार व्हायला वधूपक्षाची खोली मिळाली. तिथल्या आरशावर टिकल्या चिकटलेल्या होत्या, आणि सर माझ्या हातांना पट्ट्या बांधत होते. बाहेरून सत्काराचं भाषण ऐकू येत होतं. मी दाराच्या फटीतून पाहिलं. आबा शाल, नारळ आणि नवा गुलाबी फेटा घेऊन पिंजऱ्याला अगदी लागून ठेवलेल्या सोफ्यावर येऊन बसले. बाकीचे सत्कारमूर्ती जेवायला पळाले होते. आबा बसून राहिले.

समोरचा पोरगा इंदूरचा होता. उंच, लाथा चांगल्या. सरांचा बेत साधा होता: त्याला कंटाळा येईल इतकं जाळीला दाबून धरायचं, दमवायचं, आणि मग खाली घ्यायचं. पहिली फेरी मी तशीच खेळलो. दिसायला ते काही खास नसतं, दोन माणसं एसटीच्या दारात अडकल्यासारखी दिसतात. फेरी संपल्यावर सर म्हणाले, उत्तम. मी आबांकडे पाहिलं. ते पिंजऱ्याच्या खांबाला गुंडाळलेल्या गादीकडे बघत होते.

तिथेच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, एकदा तरी या माणसाला आपली कुस्ती दाखवू.

दुसऱ्या फेरीत मी ढाक मारली. ढाक म्हणजे समोरच्याचा हात आपल्या काखेत धरून, पाय अडवून त्याला खांद्यावरून भिरकावणं. मला ती आबांनीच शिकवली होती, घरामागच्या खळ्यात. पिंजऱ्यात ती मारू नये, पाठ उघडी पडते, असं सरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण ती बसली. काय बसली! इंदूरचा पोरगा हवेतून गेला आणि दोन्ही खांद्यांवर, सपाट, असा पडला की पिंजऱ्याची जाळी थरथरली. सगळं लॉन ओरडलं. मी त्याच्यावर झेपावणार होतो. छातीवर बसायचं, मारायचं, रेफरी ओढेपर्यंत थांबायचं नाही. सगळं नीट लक्षात होतं.

आणि जाळीपलीकडून, हातभर अंतरावरून आवाज आला.

"चित व्हयना तो. सोड त्याले."

तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकत आलोय. त्या आवाजाला मी कुस्ती सोडलीये, जेवण सोडलंय, विहिरीत पोहायचं सोडून काठावर आलोय. विचार करायला वेळच नव्हता. मी उभा राहिलो, आणि उभा राहिलोच आहे तर पुढचंही आपोआप झालं. मी वाकून त्या पोराला उठवायला उजवा हात पुढे केला.

तो क्षणभर गोंधळला. त्यालाही वाटलं असावं की वेळ संपली. मग त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला, पाय माझ्या मानेवर टाकले, मला खाली ओढलं आणि माझा कोपर उलटा ताणला. आमच्या खेळात त्याला आर्मबार म्हणतात. जो हात मिळवायला एरवी झुंज द्यावी लागते, तो मी त्याला आपणहून नेऊन दिला होता. काहीतरी कटकन वाजलं आणि मी डाव्या हाताने जमीन थोपटली. म्हणजे हरलो.

सर पिंजऱ्याबाहेर खाली बसले होते, दोन्ही हात डोक्यावर. स्टेजवरची सोनेरी खुर्ची रिकामी झाली होती. मुंबईचा माणूस जेवायला गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

रेफरीने आमची मनगटं धरली आणि त्या पोराचा हात वर केला. मी खाली बघत होतो. वर बघितलं तेव्हा आबा पिंजऱ्यात होते. त्यांना कोणी अडवलं नाही. अंगावर शाल आणि डोक्यावर फेटा असलेल्या म्हाताऱ्याला आपल्याकडे कुठेच कोणी अडवत नाही. ते लंगडत आले, माझ्याकडे न बघता त्या पोराच्या मागे गेले आणि त्याची पाठ झटकू लागले. गादीवर कसली माती? तरी त्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंत पाठ व्यवस्थित झटकली. आबांच्या लेखी जिंकणारा मी होतो; माझा हात कामातून गेला होता आणि जिंकणाऱ्याचं काम राहून गेलं होतं, म्हणून ते घरच्या माणसाने पुरं केलं. मला ते कळलं. त्या लॉनमध्ये दुसऱ्या कुणालाही कळलं नाही.

पोराला वाटलं, आशीर्वाद आहे. तो भल्या घरचा होता, त्याने वाकून आबांचे पाय धरले. निवेदक माइकवर खेळाडूवृत्तीबद्दल बोलत सुटला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: पराभूत खेळाडूच्या वडिलांकडून विजेत्याचं कौतुक. आबांनी तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "बठ्ठा येडा शेतस." सगळेच्या सगळे वेडे.

मी खूप संतापलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. हात गळ्यात बांधून मी घरी पडून होतो. परदेश गेलं, कंपनीचा फोन पुन्हा आला नाही. आणि ज्यांनी हे केलं ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या पोराबद्दल सांगत होते, "मना आंडोर जितना व्हता. मी पाह्यं ना. मंग जे व्हयनं ती कुस्ती नव्हती." लोक मान डोलवायचे. पंचाचा निकाल होता. मला उठून ओरडावंसं वाटायचं की माझ्या खऱ्याखुऱ्या जिंकलेल्या लढतींपैकी तुम्ही एकही पाहिली नाहीत, आणि मी हरलो ती एकच तुम्ही जिंकल्यात धरली. ओरडलो नाही. आई वरण-बट्टी वाढत होती आणि आता वजनाची काळजी करायचं काही कारण उरलं नव्हतं. त्यातच कुणीतरी एक स्थळ आणलं. पाहुण्यांनी मुलगा काय करतो असं विचारलं, तर आबाच म्हणाले, "पहिलवान शे."

मग यात्रा आली. मी दंगल बघायला गर्दीत मागे उभा होतो. हात गळ्यातून निघाला होता, पण कोपर सरळ होत नव्हता, अजूनही होत नाही. निकाली कुस्ती संपली तेव्हा आबांनी हलगी थांबवली आणि माइकवर माझं नाव घेतलं. धुळ्याच्या मैदानात ढाकेवर कुस्ती मारणारा आपल्या गावचा पहिलवान, असं म्हणाले. लोकांनी मला पुढे ढकललं. मोबाइलवर ती लढत सगळ्या गावाने पाहिली होती, मी जमीन थोपटतो तिथपर्यंत पाहिली होती. तरी कोणी हसलं नाही.

आबांनी स्वतःच्या डोक्यावरचा तो गुलाबी फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. मग पंच मनगट धरतो तसं माझं उजवं मनगट धरलं. धरलं आणि थांबले. मनगट सोडून त्यांनी हात खाली नेला, कोपराला खालून तळवा लावला, आणि काचेच्या भांड्यासारखा जपून तो हात जाईल तेवढाच वर केला.

हलगी वाजत होती. तिच्या आवाजात मलाच ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "दुखस का?"

मी म्हणालो, नाही. हात फार दुखत होता, आणि त्यांनी तो खाली घेऊ नये असं मला वाटत होतं.