म्हाताऱ्या कुत्र्याच्या वाटीतली आमटी

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला गेल्या वर्षी जे भोगावं लागलं, ते माझ्या हातून झालं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्याच्या डॉक्टरीणबाईंना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मुलीला तर नाहीच. मी मुळातच कमी बोलतो. बायको म्हणते, यांच्या पोटात काय आहे ते एक्स-रे काढल्याशिवाय कळायचं नाही. सगळे हसतात, मीही हसतो. या प्रकरणात त्या स्वभावाने मला इतकं सहज वाचवलं की आता त्याचीच धास्ती वाटते.

कुत्रा खरा मुलीचा. इथे कॅनडात, मिल्टनला घर घेतलं तेव्हा ती शाळेत होती, आणि बॅकयार्ड आहे तर कुत्रा हवाच, असा तिचा हिशेब होता. आता ती ग्वेल्फला फूड सायन्स शिकते आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येते. बूट काढायच्या आधी दारातच गुडघ्यांवर बसून कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरते. आमचा नंबर नंतर.

गेल्या हिवाळ्यात तो पाणी फार प्यायला लागला. रात्रीत गालिचा ओला करायला लागला. रक्त तपासलं तर किडन्या थकलेल्या. आमच्या डॉक्टरीणबाई पंजाबी आहेत, माझ्याशी हिंदीत बोलतात आणि मुलीशी इंग्रजीत. त्यांनी सांगितलं, आता औषधापेक्षा खाणं महत्त्वाचं. प्रोटीन कमी, मीठ कमी, किडनीसाठी बनवलेलं खास खाणं द्यायचं आणि बाकी सगळं बंद. मुलीने यात जीव ओतला. कुठल्या खाण्यात फॉस्फरस किती, म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू झिजू नयेत म्हणून प्रोटीन कुठपर्यंत कमी करायचं, यावर ती डॉक्टरांशी अर्धा अर्धा तास बोलायची. पुढे हेच करायचं, प्राण्यांच्या आहाराचं शिक्षण घ्यायचं, असं तिने त्याच दिवसांत ठरवलं.

"बाबा, वीकडेज तुझे," ती म्हणाली. "हेच खाणं, बाकी नथिंग. नॉट इव्हन अ बाइट. प्रॉमिस?"

"हो गं."

"हो गं नाही. प्रॉमिस म्हण."

"प्रॉमिस."

बायको आत पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "त्यांनी मलाही लग्नात सात वचनं दिली होती. विचार एखादं तरी आठवतंय का."

आणि कुत्रा ते खाईना.

पहिले दोन-चार दिवस हुंगून बाजूला झाला. मी कोमट पाणी घातलं, बोटाने चाटवलं, वाटी बदलली. तो माझ्याकडे असा बघायचा, जणू माझंच काहीतरी चुकतंय आणि तो समजून घेतोय. बायको सकाळीच गाडी काढून वॉनला ऑफिसला जाते. मी बहुतेक दिवस घरूनच काम करतो. दुपारी घरात आम्ही दोघंच. मी ताट घेऊन बसलो की तो खुर्चीपाशी येऊन उभा राहायचा. मागत नव्हता, फक्त उभा असायचा. मागचे पाय थरथरायचे, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. माझे वडील गल्लीतल्या कुत्र्यासाठी घास काढून ठेवल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. उपाशी जनावरासमोर जेवायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

एका दुपारी मी त्याच्या त्या खाण्यावर दोन घास आमटी-भात कालवला. वर थोडं तूप, तिखट लागू नये म्हणून. त्याने वाटी चाटून पुसून टाकली, इतकी की ती फरशीवरून सरकत भिंतीला जाऊन लागली.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी रिकामी वाटी दाखवली.

"होल थिंग? बाबा! हाऊ?"

"कोमट पाणी घातलं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"यू आर अ जीनियस."

मला इतकं चांगलं वाटलं की काय सांगू. मुलगी मोठी झाल्यावर बापाला असं कौतुक कितीसं मिळतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा कालवला. मग रोजच.

मी अगदीच अडाणी नव्हतो. कुत्र्याला कांदा चालत नाही हे मला माहीत होतं. पोहे असले तर त्याला देत नव्हतो, भाजीत कांद्याचा तुकडा दिसला तर उचलून टाकत होतो. पण आमटीत कुठे कांदा दिसतो? बायको रविवारी कांदा, लसूण आणि सुकं खोबरं भाजून वाटण करते, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाकते आणि आठवडाभर त्यातला एकेक खडा आमटीत, उसळीत सोडते. वर्षानुवर्षं मी ते खात आलो. माझ्या लेखी ती आमटीची चव होती, कांदा नव्हता. इंजिनिअर माणूस मी, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो, आणि हे मला दिसलं नाही.

बर्फ वितळून विंटर टायर काढायची वेळ आली तेव्हा कुत्रा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबायला लागला. वाटी रिकामी करत होता, तरी धाप लागायची. मुलीने ओठ वर करून हिरड्या पाहिल्या तर गुलाबीपणा गेलेला. आम्ही तिघंही त्याला घेऊन गेलो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार उतरलं होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "भाईसाहब, टेबल फूड तो नहीं देते ना?"

मुलगी कुत्र्याचं डोकं पोटाशी धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती.

"नहीं जी," मी म्हणालो. "बिलकुल नहीं."

तेव्हा मला वाटलं, दोन घास भाताने रक्त थोडंच उतरतं. डॉक्टर म्हणाल्या, किडन्या थकल्या की रक्तही कमी बनतं, तसंच असावं. त्यांनी खाणं बदलून दिलं. नवं खाणं मुलीनेच सुचवलेल्या दोनांतलं एक होतं. शनिवार-रविवारी त्यावर घालायला म्हणून तिने कुत्र्यांसाठीचं हाडांचं सूप आणलं. खोक्यात मिळतं ते. ती चमचाभर, मोजून घालायची. आणि मी सोमवारपासून माझं चालू ठेवलं.

मग चातुर्मास लागला. बायको चार महिने कांदा-लसूण घरात आणत नाही. इथे आल्यावर बाकी पुष्कळ सुटलं, हे तिने धरून ठेवलंय. कांदेनवमीला तिने भज्यांचा घाणा काढला आणि फ्रीझरमधलं उरलेलं वाटण उसळीत संपवून टाकलं. त्यानंतर आमच्याकडे जिऱ्याची, चिंचगुळाची आमटी. कुत्र्याला काय, तीही आवडली.

आणि तो सुधारला. इथल्या उन्हाळ्यात बॅकयार्डमध्ये खारीमागे चार पावलं धावला. हिरड्यांवर रंग आला, रक्त वर आलं. डॉक्टरांनी मुलीला शाबासकी दिली, की खाणं अगदी योग्य निवडलंस. पुढच्या शिक्षणासाठी अप्लाय करताना हेच लिहिणार, असं ती म्हणायची. मी मान हलवत होतो. मला खरंच वाटत होतं की तिचं खाणं आणि माझा घास, दोन्ही त्याला मानवले.

कार्तिकी एकादशी झाली, बायकोने कांद्याचं पोतं आणलं, ट्रे पुन्हा भरले. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचे दिवस आले तेव्हा कुत्रा दारापर्यंतही येईना. लघवी गडद झाली होती. त्याला उचलून गाडीत ठेवताना तो हातात इतका हलका लागला की मला पुढचं सुचेना.

या वेळी डॉक्टरांनी रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बाहेर येऊन त्या इंग्रजीत बोलल्या. रक्तपेशी फुटताहेत, आणि हे किडनीचं नाही. कांदा किंवा लसूण पोटात गेला की पेशी अशा दिसतात. रोज थोडा थोडा गेला तरी.

बायको लगेच म्हणाली, "कांदा? अहो डॉक्टर, हमारे यहाँ तो चार महीने प्याज घर में आता ही नहीं!"

"चार महीने?"

"चातुर्मास होता है ना."

ती हे अभिमानाने सांगत होती. मी मात्र त्या खुर्चीत बसल्या बसल्या महिने जुळवले. वाईट, मग चार महिने चांगला, मग पुन्हा वाईट. वाटण, वाटण नाही, वाटण. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "द ब्रॉथ."

तिने फोनवर सुपाच्या खोक्याचा फोटो शोधला, मोठा करून बघितला. नॅचरल फ्लेवर्स, एवढंच लिहिलं होतं. "ओ माय गॉड. दॅट कुड बी एनीथिंग. ओनियन पावडर असू शकते. मी बघितलंच नाही. आय स्टडी धिस, आई. आय स्टडी धिस, अँड आय डिडंट चेक."

डॉक्टर म्हणाल्या, शक्य आहे, बंद करा. बायकोने तिला जवळ घेतलं. मुलगी हमसून रडत होती. ते सूप उन्हाळाभर चालू होतं, तेव्हा तर कुत्रा बरा होत होता. मी निदान एवढं जरी म्हटलं असतं तरी ती मोकळी झाली असती. पण तेवढं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. मी उठून पार्किंगमधून गाडी आणायला गेलो.

त्याला रक्त चढवावं लागलं. तो वाचला. आमटी त्या दिवसापासून बंद आहे, तूपही बंद. आता डॉक्टरांनी ठरवून दिलेला डब्यातला मऊ लगदा, त्यात त्यांच्या परवानगीने थोडा मऊ भात आणि उकडलेल्या अंड्याचं पांढरं. मी ते कोमट करतो, मनगटावर लावून बघतो, लहान बाळाचं दूध बघावं तसं. कधी खातो, कधी दोन घासांवर तोंड फिरवतो, आणि मग माझा दिवस मीटिंगमध्ये कमी आणि वाटीकडे बघण्यात जास्त जातो. रोज सकाळी चहाच्या आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघतो. दुपारी मी बेसमेंटच्या पायऱ्यांवर दार लावून जेवतो, तो वर दाराशी उभा असतो. त्याच्या नखांचा आवाज ऐकू येतो. किडन्या आणखी उतरल्या आहेत. त्यातलं वयामुळे किती आणि माझ्यामुळे किती, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला होत नाही. खरं न सांगता विचारणार तरी काय?

मुलगी आता वाटीला हात लावत नाही. अजूनही दारात बसून त्याचं तोंड हातात धरते, पण खाण्याची वेळ झाली की उठून बाजूला होते. गेल्या रविवारी मी मुद्दाम डबा तिच्यापुढे केला.

"तू घाल की आज."

"नको बाबा. तूच घाल. तुझ्या हातचं तो खातो."

"अगं, घाल गं."

"आय डोन्ट ट्रस्ट मायसेल्फ विथ हिज फूड." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "अॅट लीस्ट यू नेव्हर चीटेड."

बायको म्हणाली, "ते कसले चीट करतायत! तेवढी अक्कल लागते." दोघी हसल्या. मी डबा उघडला.

अप्लाय केलंस का, असं मी तिला नंतर गाडीत विचारलं, ग्वेल्फला सोडायला जाताना. ती खिडकीबाहेर बघत होती. "एक कुत्रा नाही सांभाळता आला मला," ती म्हणाली. "लोकांचे काय सांभाळू?" तिच्या बिल्डिंगपाशी मी बॅग काढून दिली, जेवलीस की मेसेज कर म्हणालो आणि परत फिरलो.

कांदा तिच्या सुपातून गेला नाही, माझ्या ताटातून गेला, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. एवढं मी माझ्या मुलीला सांगायचं देणं लागतो, तिची अर्ज करायची मुदत संपायच्या आत. अजून सांगितलेलं नाही.